उलटं बटण

थोरल्याच्या हाताला देणगी होती. अणू पकडायच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं तो लेसरचे आरसे लावत होता. केसभर म्हटलं की केसभरच सरकवायचा. पण गेल्या वर्षी धाकटी बहीण शिकूनसवरून तिथेच संशोधक म्हणून आली आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांच्या तोंडी तिचाच जप सुरू झाला. घरी आईचंही तेच, धाकटी असं म्हणाली, धाकटीने तसं केलं. थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं ते कायमचंच.

प्रकाशाच्या चिमटीत अणूंची रांग उभी करायची. काहींचं तोंड वर, काहींचं खाली. तोंड बदलतं त्या जागेला म्हणायचं बांध. दोन बांध मोकळे सोडले तर लांब पळतात. पण चुंबकाची ओढ लावली, की जितके लांब जातील तितके मागे खेचले जातात. जोडी सुटतच नाही. एवढ्या अणूंचं गणित संगणकालाही झेपत नाही, म्हणून धाकटीला हे बांधलेपण अणूंकडूनच वदवून घ्यायचं होतं. आज सर बघणार होते. दिसलं नाही तर विषय बंद.

ओढीचं बटण थोरल्यानेच कधीकाळी उलटं बसवलेलं. शून्यावर पूर्ण ओढ, दहावर काहीच नाही. जुन्यांना ते पाठ होतं. धाकटीला सांगायचं काम थोरल्याचं होतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं.

ओढ आज पहिल्यांदाच लावायची होती; तिने बटण दहावर नेलं. पडद्यावर पंखा उघडावा तसे बांध दूर पळाले.

"पळाले की गं तुझे!" सर म्हणाले. "आरसे हलले असतील."

"छे! आरसे दादाने लावलेत, ते नाही हलायचे. माझाच अंदाज चुकला." तिने वर्षभराच्या वहीवर काट मारायला पेन उचललं.

थोरल्याच्या जिवाला गार वाटलं. क्षणभरच. मग हात आपोआप पुढे गेला, बटण शून्यावर आलं. "पुन्हा घे."

पंखा मिटला. बांधांच्या दोन रेघा एकमेकींना धरून झुलत राहिल्या.

"शाब्बास पोरी!" सर तिची पाठ थोपटून गेले. थोरल्याच्या पोटात पुन्हा दुखलं.

"दादा, बटण उलटं आहे? तू विसरलास?"

"नाही. तुला तोंडावर पडलेलं बघायचं होतं मला."

तिने पेन खाली ठेवलं. "मग हात का लावलास?"

"आरशांचं बोललीस ना. अठरा वर्षांत कुणी बोललं नव्हतं."

"आईला आरशांचं सांगते," ती वही मिटत म्हणाली. "बटणावरून मात्र आपलं भांडण आहे. जेवून ये, मग सुरू करू."