चौघांना घरी कोण आणत होतं

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना, करमणूक म्हणून वाचत आलो. कुणाला वाटेत बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागे कोणीतरी बसलेलं असतं... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. माझं कामच असं आहे की असल्या गोष्टींवर विश्वास ठेवून भागत नाही. देवासच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. "साहेब, मशीन आपोआप सुरू झालं" असं कोणी सांगत आलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग वायरकडे. दोघांपैकी एकात दोष सापडतोच.

इथे मात्र सापडलेला नाही. म्हणून लिहितोय. शाळा हिंदीतून झाल्यामुळे माझं मराठी जरा इकडचं तिकडचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले आणि इथलेच झाले. माझी बायको सुनंदा धारची. तिचे पूर्वज मराठ्यांच्या दरबाराबरोबर इकडे आलेले शिंपी. आता तिच्या भावाचं पडद्यांचं दुकान आहे. तिच्या माहेरचं मराठी जुनं, कडक इस्त्रीचं. मी "चाय दे" म्हटलं की ती ऐकू न आल्यासारखं करायची. नीट "चहा" मागेपर्यंत चहा नाही!

आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, इंदूरच्या चकरा झाल्या, मग आम्हीच थांबलो. तशा एका चकरेत, दवाखान्यातून निघाल्यावर दोघांनाही लगेच बस पकडावीशी वाटेना. उगीच बाजारात फिरताना जुन्या सामानाच्या दुकानातून मी एक व्हिडिओ गेम घेतला. दुकानदाराने वर एक कॅसेट फुकट दिली. "पूरी जापानी में है भिया, कोई लेता नहीं." दुसऱ्या कॅसेटा वर्षभरात बिघडल्या. ही फुकटची मात्र आमच्या घरात पंचवीसेक वर्षं राहिली.

ज्यांनी असले जुने जपानी गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर एक मोठा मुलूख असतो — डोंगर, जंगल, समुद्र. त्यात एक लहानसं गाव, गावात एक घर, घरात चार पलंग. तिथून चौघं निघतात. सुरुवातीला इतके दुबळे की वेशीबाहेरचं क्षुल्लक जनावरसुद्धा त्यांना लोळवतं. मग लढत लढत, पडत उठत, मोठे होतात. कोणाला चांगली तलवार मिळते, कोणाला नवा मंत्र येतो. मुलखाच्या पार टोकाला, बर्फाच्या पलीकडे, काळा किल्ला असतो. तिथे पोचून तिथल्या राक्षसाला मारलं की गेम संपला.

जपानी अक्षर आम्हाला एक कळत नव्हतं, पण कधी अडलं नाही. गावात शिरलं की एक हळू धून लागायची. कोणाशीही बोलायला गेलं की तो माणूस आधी वळून आपल्याकडे तोंड करायचा आणि मगच बोलायचा. सुनंदाला याचंच मोठं कौतुक. "किती रीतीची माणसं आहेत हो," म्हणायची, "तुमच्या कारखान्यात असं कोणी करतं का?" काय बोलतात ते आम्हीच ठरवायचो. आणि लढाईत कोणी मेलाच, तर त्याला देवळात न्यायचं. तिथला पुजारी हात वर करायचा आणि मेलेला उठून उभा राहायचा. ते तिने किती वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी हात जोडायची.

चौघांची नावं तिने ठेवली. तलवारवाला थोरला, औषधपाणी करणारी ताई, कुऱ्हाडवाला जाडा बंडू आणि मंत्र टाकणारी सगळ्यात धाकटी — शेंडेफळ. हो, तुम्ही समजलात ते बरोबर आहे. आम्हीही समजत होतो, फक्त बोलत नव्हतो.

तिचे दोन नियम होते. लढाई लागली की गेमचा रिमोट माझ्या हातात. "अहो, घ्या घ्या, मला नाही बघवत," म्हणून ती तोंड फिरवायची. एकटीवर वेळ आली तर घाबरून भलतंच बटण दाबायची. दुसरा नियम, चौघांना घरी आणून पलंगावर झोपवल्याशिवाय गेम बंद करायचा नाही. वास्तविक गेममध्ये तंबू मिळतो. असाल तिथे तंबू ठोकायचा, म्हणजे खेळ तिथपर्यंत जपला जातो आणि उद्या तिथूनच पुढे. सगळं जग असंच खेळतं. पण तंबूचं नाव काढलं की ती भडकायची. "पोरांना उघड्यावर झोपवायचं? आणि आपण इथे गादीवर?"

परिणाम असा की आम्ही गेम कधीच संपवला नाही. बर्फापर्यंत पोचेतो परत फिरायची वेळ झालेली असायची. पंचवीस वर्षं रोज निघायचं आणि रोज घरी यायचं. कॅसेटीतली छोटी बॅटरी मी दोनदा बदलली — आधी दुसरी जोडून मग जुनी काढायची, म्हणजे खेळ पुसला जात नाही.

सुनंदा दोनेक वर्षांपूर्वी आजारपणात गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. टीव्हीवर तिनेच शिवलेलं कापड होतं, ते मी कित्येक महिने उचललं नाही. ड्यूटीवरून यायचं, कुलूप काढायचं आणि दोन खोल्यांत कुठेही बसलं तरी सारखंच. एका संध्याकाळी फक्त ती गावातली धून ऐकावी म्हणून गेम लावला. मग निघालोच. थेट बर्फापर्यंत गेलो. परत फिरायचा कंटाळा आला, म्हणून पहिल्यांदाच तंबू ठोकला आणि बंद केलं.

दुसऱ्या संध्याकाळी लावला तर चौघं घरात. आपापल्या पलंगावर.

मला वाटलं, तंबू नीट लागला नसेल. पुन्हा गेलो, पुन्हा ठोकला, या वेळी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरात. बॅटरी तपासली, कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, सगळं ठीक. बरं, खेळ पुसला गेला असता तर चौघं पहिल्यासारखे दुबळे झाले असते. तसंही नव्हतं. त्यांनी कमावलेलं सगळं त्यांच्याजवळ होतं. फक्त जागा बदललेली.

कारखान्यात माझ्याबरोबर सोलंकी आहे. सोनकच्छहून रोज बसने येतो. त्याला सांगितलं तर तो चिडलाच. "अरे भिया, आप ही नींद में उठ के खेल रये होगे! भाभी के जाने के बाद आपका खाना-सोना कोई ठिकाने का है क्या?" मलाही ते पटलं. म्हणून असं ठरलं की तंबू त्याच्यासमोर ठोकायचा, कॅसेट त्याने काढून न्यायची आणि सुट्टीनंतर आणून द्यायची. त्याच्या घरी असलं मशीनच नाही. सोमवारी ड्यूटी संपल्यावर तो कॅसेट घेऊन माझ्याबरोबर घरी आला. त्यानेच ती घातली, त्यानेच बटण दाबलं.

चार पलंग, चौघं झोपलेले.

सोलंकी उठून दाराकडे गेला. मग पायात चपला घालायला लागला. म्हटलं, चहा तरी घे. "नहीं भिया, चलता हूँ. बस निकल जाएगी." त्याच्या बसला भरपूर वेळ होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्षश्राद्धाला धारला गेलो. जेवणं आटोपल्यावर सुनंदाचे थोरले भाऊ वसंतदादा आणि मी ओसरीवर बसलो होतो. गेमबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. ते आपणहून तिच्या लहानपणावर आले.

"आमच्या मातुःश्रींची एक रीत होती, जावईबापू. दिवे लागले की उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, बाहेर कोण राहिलं आहे? जो राहिला असेल त्यास आणावयास सुनंदेला धाडीत. ती धाकटी ना!"

"एकटीला?"

"एकटीला. फार भ्यायची हो अंधाराला. रडत जाई. पण रिकाम्या हाताने परतली, असं मात्र कधी झालं नाही."

मी पान घेतलं, इकडचं तिकडचं बोललो आणि देवासची बस धरली. खिडकीशी बसून मला हसू आवरेना. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, कुठल्या लग्नाहून येतोय.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी कसे सांगू... मी मुद्दाम चौघांना बाहेर ठेवायला लागलो. आज दलदलीत, उद्या डोंगरापलीकडे, परवा आणखी लांब. सकाळी ड्यूटीवर निघताना टीव्हीकडे बघून म्हणायचो, "बाहेर राहिलेत गं." दिवसभर कामात हात चालायचा. संध्याकाळी नवीन लग्न झाल्यासारखा घराकडे पळायचो. लावलं की चौघं घरात. लख्ख कळायचं, कोणीतरी येऊन गेलंय. आवाज नाही, वास नाही, सावली नाही, तुमच्या बाकीच्या अनुभवांत असतं तसलं काही म्हणजे काही नाही. फक्त चौघं घरात. मला तेवढं पुरत होतं. मी नीट जेवायला लागलो, गच्चीत जाऊन देवीच्या टेकरीकडे बघत बसायला लागलो. सोलंकीसुद्धा म्हणाला, तब्येत सुधरली.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. गेममधल्या चौघांच्या पिशवीतल्या औषधी मुळ्या कमी होत होत्या. मला वाटायचं, मीच वापरल्या असतील. पलंगावर झोपलं की जखमा भरून येतात, त्यामुळे चौघं नेहमीसारखेच ताजे दिसायचे.

मग एकदा मी त्यांना काळ्या किल्ल्याच्या अगदी दारात ठेवलं. म्हटलं, बघू या. दुसऱ्या संध्याकाळी लावलं तर चौघं घरातच होते, पण बंडू मेलेला. पलंगाने मेलेला उठत नाही, त्याला देवळातच न्यावं लागतं. नेलं, उठवलं. आणि सांगायला लाज वाटते, पण पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं.

त्याच्या दुसऱ्या संध्याकाळचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. थोरला मेलेला. बंडू मेलेला. शेंडेफळ मेलेली. एकटी ताई जिवंत, आणि पिशवीत औषधाचं एक मूळ शिल्लक नाही. बर्फ, डोंगर, दलदल, जंगल एवढं सगळं तुडवून तीन मेलेल्यांना घेऊन कोणीतरी घरापर्यंत आलं होतं. एकालाही मागे टाकलं नव्हतं.

इतके दिवस मी फक्त चौघं घरी आले एवढंच बघत होतो. कसे आले, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किल्ल्यापासून गावापर्यंत पावलोपावली लढाई आहे. माझ्या हातात रिमोट असूनही घाम फुटतो. आणि तिला तर लढाई बघवतसुद्धा नव्हती. तोंड फिरवायची ती. तिथे रिमोट घ्यायला कोण होतं? घाबरून भलती बटणं दाबत, रडत, ती रोज ही वाट एकटी चालत होती — आणि मी रोज ती वाट लांबवत होतो. कशासाठी, तर मला बरं वाटावं म्हणून.

तिघांना एकेक करून देवळात नेलं. पुजाऱ्याने हात वर केला, ते उठले. मीही हात जोडले. मग चौघांना घरी आणलं, पलंगावर झोपवलं, खेळ जपला आणि मोठ्याने म्हणालो, "सुनंदा, राहू दे आता. यापुढे मी आणीन."

त्याला आता वर्ष होत आलं. मी रोज संध्याकाळी थोडा वेळ खेळतो आणि रोज चौघांना स्वतः घरी आणतो. अगदी कंटाळा आला, डोकं दुखत असलं तरी आणतो. दुसऱ्या दिवशी लावलं की चौघं घरात असतात, आणि ते मीच आणलेले असतात. यात अमानवीय असं काहीच नाही. वर्षभरात काहीही घडलेलं नाही. एक मूळ कमी झालेलं नाही, एक पाऊल इकडचं तिकडे नाही. शांतता म्हणतात ना, ती हीच. आणि ती फार जड जाते.

सोलंकी आता म्हणतो, बॅटरीच खराब होती. बॅटरी तीच आहे. या गेमची माहिती असलेल्या लोकांना मी इंटरनेटवर विचारलं. असं होऊच शकत नाही म्हणाले, एकाने मला डॉक्टरकडे जायला सांगितलं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मशीन उघडून झालं, कॅसेट उघडून झाली, स्वतःलाही तपासून झालं. कारण सापडलेलं नाही, एवढंच मेंटेनन्सवाला म्हणून लिहून देऊ शकतो.

एक मात्र खरं सांगतो. गावाच्या वेशीबाहेर, घर दिसेल इतक्या जवळ, एक विहीर आहे. तिथली जनावरं आता आमच्या चौघांना बघूनच पळतात. संध्याकाळी परत येताना तिथे माझा हात थबकतो. वाटतं, आजच्या दिवस यांना इथे ठेवावं. फक्त आजच्या दिवस. इतकुशी वाट आहे, लढाई लागायची नाही, तिला काही त्रास होणार नाही...

मग मी त्यांना आत घेतो. अजून तरी घेतो.