लाईट गेली की आप्पांच्या नळाला पाणी

आप्पांच्या शेवटच्या आंघोळीला घरात पाणी नव्हतं.

नळ आलेला होता बरं का! गल्लीत सगळ्यांकडं धो धो. आमच्याकडं करंगळीएवढी धार.

आज वर्ष झालं. अजून डोकं फिरतं.

बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. आमच्या संभाजीनगरात नळ आठवडा-आठवडा येत नाही. आला की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरोघरी नळाला मोटर लागते. डायरेक्ट. वरून पोतं टाकायचं, म्हणजे दिसायला नको. ज्याची मोटर मोठी त्याची टाकी फुल. ज्याच्याकडं मोटर नाही, त्याचा नळ नुसता फुसफुस करतो.

मोटर नसलेलं एकच घर. आमचं.

"आप्पा, कोण बघतंय? सगळेच लावतात!" कॉलेजात असताना मी रडकुंडीला येऊन वडिलांना म्हणायचे.

"कुणी बघत नाय, मला बी माहितंय. पण आपण ओढलं की दुसऱ्याचं कमी होतं ना गं?"

झालं. विषय बंद.

तत्त्व यांचं, आणि टँकरपुढं भांडून हंडे वाहायचे मी आणि आईनं. लई राग यायचा. खरं सांगते, अजून येतो.

मजा एकच होती. लाईट गेली की गल्लीतल्या सगळ्या मोटरी बंद, आणि आमच्या नळाला भसाभसा पाणी. गल्ली लाईटवाल्यांना शिव्या देत असायची आणि आप्पा बनियनवर बादल्या लावत ओरडायचे, "पळा पळा, आपली दिवाळी आली!"

तर त्या दिवशी.

आप्पा हॉलमध्ये चादरीवर. दारात सगळी गल्ली जमलेली. "देवमाणूस हो." "इतका प्रामाणिक माणूस आता होणे नाही."

आणि मागं प्रत्येकाच्या घरातून घूंऽऽऽ.

माणसं इथं रडायला, मोटरी तिथं चालू.

वेरूळची आत्या म्हणाली, "ऊन वाढायलंय, आटपा. शेजारून आणा की दोन बादल्या."

आई आप्पांच्या उशाशी बसली होती. "नाय. यांच्या अंगावर मोटरचं पाणी नाय घालायचं."

मग शेजारच्या दिनूकाकांकडं बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, थोडा वेळ मोटर बंद करता का?"

दिनूकाका म्हणजे रोज संध्याकाळी आप्पांसोबत चहा पिणारा माणूस. डोळे पुसत म्हणाले,

"मोटर? आपल्याकडं कुठाय मोटर, वहिनी?"

घूंऽऽऽ.

अरे, मेलेल्या माणसासमोर तरी!

त्यांच्या घरात घुसून वायर उपटायला मी उठलेच होते. आत्यानं हात धरला.

आणि लाईट गेली.

दैवी-बिवी काही म्हणू नका. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारची लाईट जातेच.

पंखा थांबला. घूं थांबलं. आणि सगळ्या गल्लीसमोर आमच्या मोरीतला नळ धो धो वाहायला लागला.

कुणी कुणाकडं बघेना. दिनूकाका आपल्या चपलांकडं बघत होते.

आई उठली. नळाखाली बादली सरकवली. आणि रडत रडत मला म्हणाली, "पळ गं. दिवाळी आली."

आप्पांची आंघोळ त्यांच्या वाट्याच्या पाण्यानं झाली.

मला वाटलं, आता तरी लोकांना लाज वाटेल. कसली लाज अन् कसलं काय! तेराव्याच्या आधीच नळ आला आणि सगळ्या मोटरी परत सुरू. दिनूकाकांनी तर नंतर नवीन घेतली. जास्त पॉवरची.

आज वर्षश्राद्ध. योगायोगानं नळ पण आजच आलाय. सकाळपासून गल्लीच्या ग्रुपवर आप्पांच्या फोटोखाली हात जोडलेले इमोजी पडतायत, आणि खिडकीबाहेर घूं चालूच आहे.

मोटर मी अजून बसवलेली नाही. का, ते विचारू नका. दुकानाच्या दारापर्यंत जाते, परत येते आणि दिवसभर घरच्यांवर चिडचिड करते.

आप्पा, बादली लावून बसलेय.

लाईट जायची वाट बघतेय.