लेलेबाईंनी पाहिलेलं घर

आधीच स्पष्ट सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचते आणि निम्म्या वेळा वाचता वाचता मनात म्हणते — काहीही! पिंपळ, पांढरी साडी, रात्रीचा घाट... माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दुपार आहे, डोंबिवली आहे आणि कांदेपोहे आहेत. म्हणूनच तो सांगायला अवघड जातो. सांगायला गेलं की लोक म्हणतात, "अगं, त्यांची काहीतरी गफलत झाली असेल." असेलही. तुम्हीच वाचा आणि ठरवा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत राहायचो. दुसरा मजला, दोन खोल्या. मी, नवरा, सासूबाई आणि आमची मनू. नवऱ्याची केमिकल कंपनी बंद पडलेली, तो कल्याणला मित्राच्या सायकलच्या दुकानात कामाला जायचा. मी जवळच्या बालवाडीत शिकवायचे. घरातल्या वस्तू एकेक करून गेलेल्या. आधी टीव्ही, मग कपाट, मग खुर्च्या, मग माझ्या बांगड्या.

कारण मनू. पाच वर्षांची होती आणि हृदयात जन्मापासून दोष. जिना चढताना मध्येच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ आणि नखं निळी पडायची. शेजारपाजारची पोरं खाली धावत असायची आणि ही गॅलरीत बसून त्यांना ओरडून सांगायची, "अरे, तो बघ, तो खांबामागे लपलाय!" डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि आता थांबू नका. मुंबईच्या हॉस्पिटलने खर्च सांगितला त्या दिवशी नवरा जेवला नाही. मी जेवले. कुणीतरी धड राहायला हवं होतं.

आमच्या बालवाडीच्या मोठ्या बाईंना ठाण्याची एक संस्था माहीत होती. टेंभी नाक्याजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. निवृत्त शिक्षक, दोन-चार दुकानदार, एक डॉक्टर अशी मंडळी. मोठ्या आजारातल्या मुलांना मदत करायचे. पद्धत अशी की अर्ज आला की त्यांच्यातले दोघे घरी येऊन बघणार, खरंच गरज आहे का. त्या घरात पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. पटलं तर पैसे थेट हॉस्पिटलात भरणार. मोठ्या बाईंनी मला बजावलेलं, "घर आहे तसं दाखव. बाकी काही करू नकोस."

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "आई, शनिवारी दुपारी ठाण्याहून दोघं येणार आहेत. मनूच्या मदतीसाठी. घर बघून जातील."

सासूबाई रत्नागिरीकडच्या. तीन मुलींची लग्नं त्यांनी एकटीच्या हिमतीवर लावून दिलेली. परकी माणसं घर बघायला येतात तेव्हा काय करायचं, याचा त्यांना दांडगा अनुभव! फक्त तो सगळा बघण्याच्या कार्यक्रमांचा होता. मदत मागायचीय हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण मागायचं तेही घराची शोभा दाखवूनच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हे मला शनिवारी कळलं.

शनिवारी बालवाडीतून निघायला मला उशीर झाला. जिन्यातच फोडणीचा वास आला. दारात आले आणि बघते तर काय! समोरच्या पेंडसेवहिनींचा रंगीत टीव्ही आमच्या टेबलावर, वर क्रोशाचं कव्हर. त्यांच्याच गादीच्या खुर्च्या. त्यांचाच कपबश्यांचा सेट. भिंतीवरची ओल झाकायला मोठं कॅलेंडर. आणि मध्ये मनू, जरीकाठी परकर-पोलकं घातलेली, तोंडाला पावडर आणि ओठ लालभडक.

"आई, हे काय लावलंय तिला?"

"तुपात कुंकू कालवलंय. निळं निळं काय दाखवायचं आल्या माणसाला?"

"मला चिकट लागतंय," मनू म्हणाली.

"अहो, काय करून ठेवलंत! ते म्हणतील, यांना कशाला हवी मदत? टीव्ही, खुर्च्या... पोरगी तर आजारी पण दिसत नाही!"

"तू गप्प बस. चांगलं घर दिसलं की माणूस देतो. फाटकं दिसलं की वाटेला लावतो. तुला नाही कळायचं."

मी मनूचे ओठ पुसायला पदर पुढे केला आणि दारावर टकटक झाली. आता टीव्ही काय कडेवर घेऊन पळणार होते? मीच दार उघडलं.

लेलेबाई आणि कारखानीसकाका. बाई साठीच्या, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. काका उंच, बुशशर्टातले. त्यानंतर घडलं ते मला आजही अगदी स्वच्छ आठवतं. दोघं खुर्च्यांवर बसले. सासूबाईंनी पोह्यांच्या बश्या पुढे केल्या, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. सासूबाई हसून हसून बोलत होत्या. "देवाच्या दयेने काही कमी नाही हो आम्हाला. मुलाची कंपनी काय, आज ना उद्या सुरू होईलच." मनूला त्यांनी चक्क श्लोक म्हणायला लावला आणि तिने दम खात खात म्हटलाही. लेलेबाई चष्म्यातून बघत होत्या. मी कोपऱ्यात उभी. बोलायला तोंड उघडलं की सासूबाई नजरेने दाबत होत्या, आणि खरं सांगते, परक्यांसमोर त्यांना खोटं कसं पाडायचं ते मला सुचलंच नाही. थोड्या वेळाने दोघं उठले, नमस्कार करून निघाले. मी चपलासुद्धा न घालता मागे धावले. खाली पोचेपर्यंत त्यांची रिक्षा वळली होती.

संपलं, असं वाटलं. सासूबाई वर टीव्हीच्या कव्हराच्या घड्या घालत होत्या आणि म्हणत होत्या, "बघ, कशी छान माणसं होती." मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. झोप नाही, बालवाडीत मुलांची नावं चुकत होते. मनू जिन्यात बसली की मी तिच्याकडे बघून मनात हिशेब करत राहायचे की आता कुणाकडे जायचं, कुणाचे पाय धरायचे. नवरा म्हणाला, "एकदा जाऊन खरं सांगून तरी ये." मग बालवाडीतून अर्धी सुटी घेतली आणि ठाणे गाठलं.

संस्थेच्या खोलीत लेलेबाई आणि कारखानीसकाका दोघंही होते. मी बसलेही नाही. उभ्यानेच सुरुवात केली, "बाई, त्या दिवशी आमच्या घरी जे दिसलं ना, ते आमचं नव्हतं. तो टीव्ही..."

"कुठला टीव्ही?" लेलेबाई म्हणाल्या.

"तो टेबलावरचा. शेजारच्यांचा होता. खुर्च्या पण त्यांच्याच..."

कारखानीसकाका हसले. "खुर्च्या? अहो ताई, चटईवर बसवलंत आम्हाला! माझे गुडघे अजून बोलतायत."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण लेलेबाई उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला. "बसा आधी. मंजूर झालंय तुमचं काम, काळजी करू नका. इतकी वर्षं घरं बघतोय, पण तुमच्या सासूबाईंनी आमच्या डोळ्यांत पाणी आणलं बरं का. त्या पोरीचं डोकं मांडीवर, ओठ असे निळे... माझा हात सोडेनात. म्हणत होत्या, काहीही करा, पण हिला वाचवा."

"माझ्या सासूबाई?"

"तुम्ही होतात की तिथेच! दार तुम्हीच उघडलंत. मग कोपऱ्यात उभ्या राहिलात, एक शब्द बोलला नाहीत."

म्हणजे घर आमचंच. मी तीच, कोपरा तोच.  मी कसंबसं विचारलं, "श्लोक म्हटला ना मनूने?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"तिला धड बोलवत पण नव्हतं हो," काका म्हणाले.

आणि मग लेलेबाई हळूच म्हणाल्या, "सासूबाईंची पहिली मुलगी पण अशीच गेली म्हणाल्या. सुमन ना? असेच ओठ निळे व्हायचे तिचे."

मी कुठल्याच सुमनला ओळखत नव्हते. माझा नवरा थोरला, मग तीन नणंदा, एवढंच मला माहीत होतं. नवऱ्यालाही तेवढंच माहीत होतं, हे मी त्याला नंतर विचारून घेतलं.

घरी आले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मंजूर झाल्याचं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवून देवाला हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?"

मी विचारलं, "आई, सुमन कोण?"

त्यांचा चेहरा असा पडला की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. सूप त्यांनी बाजूला सारलं. मग, "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलंत म्हणे. त्या बाईंना."

"मी? अगं, वेड लागलंय का तुला? तू होतीस ना तिथे? मी पोहे घ्या, पोहे घ्या करत होते!" आणि मग त्यांचा आवाजच बदलला. "माझी पहिली पोर ती. तिच्या पाठच्या भावाला, माझ्या ह्या पोटच्या पोरालाही नाही सांगितलं कधी. गावचे लोक म्हणायचे, दृष्ट लागलीय. मुंबईला न्या म्हणाला एक डॉक्टर. मी चुलतसासऱ्यांच्या दारात गेले पैसे मागायला, पोर खांद्यावर, अंगावर ठिगळाचं लुगडं. ओसरीवरूनच परत पाठवलं, गं. घरात पण घेतलं नाही. पुढच्या अमावस्येला गेली पोर."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. एरवी आम्ही दोघी असं बसणाऱ्यातल्या नव्हतो.

"त्या दिवशी तोंडाने मी हसत होते, सूनबाई," त्या म्हणाल्या. "पण आत सगळं तेच चाललं होतं. त्या बाईचा हात धरावा, पाया पडावं..." मी त्यांचा हात धरला. 

मनूचं ऑपरेशन झालं. ते दिवस वेगळे सांगायला नकोत, ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहेत. काचेतून आम्हाला दाखवली तेव्हा नळ्यांच्या जंजाळात तिचे ओठ गुलाबी दिसले. सासूबाई मला म्हणाल्या, "नीट बघ गं, तुला पण दिसतायत ना?" मी हो म्हटलं तरी तीन-तीनदा विचारत राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. त्यांनी चुकून दुसरं घर पाहिलं म्हणावं, तर दार मी उघडलं. दया येऊन खोटं बोलले म्हणावं, तर त्यांना सुमन कुठून कळली? मलाच भास झाला म्हणावं, तर पेंडसेवहिनींनी स्वतः येऊन टीव्ही परत नेलेला, आणि टेबलावर ओरखडा पडला म्हणून आमची कुरबूरही झाली. मनूला विचारलं तर ती म्हणते, मला फक्त तुपाची चव आठवते.

सासूबाई गेल्या. लेलेबाईही आता नसतील. मी मात्र अजून कधी कधी भर दुपारी भांडी घासता घासता थांबते आणि त्या खोलीत परत जाऊन उभी राहते, कान देऊन. मला पोहे घ्या, पोहे घ्या एवढंच ऐकू येतं. जिच्याबरोबर मी एवढी वर्षं एका ओट्याशी काढली तिचं रडणं मला दोन हातांवरून ऐकू आलं नाही, आणि पहिल्यांदाच घरात पाऊल टाकलेल्या दोन परक्या माणसांना ते शब्दन् शब्द ऐकू आलं. कसं, ते मला आजही सांगता येत नाही.