कोटावरचा बिनचपलेचा गाईड

पोलिसातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण तलावाकाठी नीट जोडून ठेवलेल्या चपलांचं एक प्रकरण अजून मनातून जात नाही.

रविवार होता. दुपारी बाराच्या सुमारास पोलीस ठाण्याच्या अंमलदारांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई रडत होती. "साहेब, लवकर या. माझे बाबा पाण्यात गेले!"

बदलापूरच्या पुढे एका तलावाकाठी मध्ययुगीन कोट आहे. दोन बुरूज, अर्धी तटबंदी, एक कमान आणि पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, एवढंच आता उरलंय. सुटीच्या दिवशी लोक जेवणाचे डबे घेऊन तिथे जातात. मी स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली, अग्निशमन दलाला कळवलं आणि हवालदाराला घेऊन निघालो.

पायऱ्यांवर गर्दी जमली होती. शेवटून दुसऱ्या पायरीवर चामड्याच्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या. बेपत्ता गृहस्थ अंबरनाथ पश्चिमेचे, कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. सोबत पत्नी, मुलगी आणि चिखलोलीच्या नव्या संकुलात राहणारा जावई. गृहस्थांचा मोबाइल मुलीच्या पर्समध्ये. दीड तास कोणी त्यांना पाहिलं नव्हतं.

मी चपलांपाशी वाकून पाहिलं. पाय घसरून पडणारा माणूस चपला अशा जोडून ठेवत नाही. जीव द्यायला आलेला ठेवतो. मी पत्नीला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही वादावादी?"

त्यांनी सरळ जावयाकडे बोट दाखवलं. "जावईबापूंना विचारा. हेच त्यांना टाकून बोलले."

जावयाला बुरुजाच्या सावलीत नेलं. पोलिसासमोर पहिल्यांदाच उभा असावा. हात कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं.

"भांडण कशावरून झालं?"

"कमानीवरून, साहेब."

"कमानीवरून?"

"बाबा रिटायर झाल्यापासून किल्ल्यांचंच वाचतात. आज कमानीसमोर उभे राहिले. हा दगड आधीचा, तो नंतरचा, पाऊण तास झाला. वर ऊन. मी एवढंच म्हणालो, बाबा, आता जेवूया का? कमान काही पळून जात नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"काहीच नाही." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "साहेब, ते कधी गप्प बसत नाहीत हो!"

हवालदाराने वहीत लिहिलं, 'वादाचे कारण : कमान.' एरवी मी हसलो असतो. पण अग्निशमन दलाची माणसं पाण्यात गळ टाकत होती आणि ती मुलगी प्रत्येक गळाबरोबर डोळे मिटून घेत होती.

मी आसपास चौकशी सुरू केली. कमानीपाशी गावातली एक बाई काकड्या विकत होती. पांढरा शर्ट, चष्मा, असा म्हातारा पाहिला का, विचारलं.

"म्हातारा नाय पायला," ती म्हणाली. "सरकारी गाईड तेवढा पायला."

"इथे कुठला गाईड?"

"होता ना! त्याचा पन शर्ट पांढरा, त्याला पन चष्मा. पायात मात्र काय नव्हता. बायकांची बस आली, त्यांना अख्खा कोट दाखवला. काय बोलत होता! माझ्या सगल्या काकड्या खपल्या. मग बायकांनी बशीत बसवून नेला."

"कुठे नेला?"

"अंबरनाथला. शंकराच्या देवलात."

मुलीचं रडणं थांबलं. पत्नी दगडावर बसल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भेटू देत मला."

आम्ही सगळे अंबरनाथला पोहोचलो. मंदिराच्या आवाराबाहेर झाडाखाली वीस-पंचवीस बायकांचा घोळका, उल्हासनगरचं ज्येष्ठ महिला मंडळ. सिंधी, मराठी, सगळ्या. मधोमध आमचे बेपत्ता गृहस्थ, पायात कोणाच्या तरी गुलाबी रबरी स्लिपरा. आत गेल्यावर आधी कुठे बघायचं, ते सांगत होते. दोघीजणी चक्क लिहून घेत होत्या.

"बाबा!" मुलगी ओरडली.

"अरे, आलात?" ते म्हणाले. "यांच्या फोनवरून कळवणार होतो, पण तुमचा एकाचाही नंबर पाठ नाही."

"आणि चपला?" पत्नी कडाडल्या.

"पाय धुवायला काढल्या. तेवढ्यात या आल्या. विचारलं, भाऊ, ही कमान कधीची?" त्यांनी चष्मा पुसला. "आजवर कोणी विचारलं नव्हतं गं."

मी घसा साफ करून मंडळाच्या प्रमुख बाईंना म्हणालो, "हे गाईड नाहीत. ही मिसिंग व्यक्ती आहे."

"मिसिंग? साईं, ये तो दो घंटे से हमारे साथ है! इनको मत ले जाओ, अभी मंदिर बाकी है."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, दहा मिनिटं?"

तिकडे तलावात माणसं भिजली होती. मला चिडायला हवं होतं. पण त्याआधी जावई पुढे झाला. "बाबा, चला. मीपण येतो ऐकायला."

दहा मिनिटांचा तास झाला. मी पाण्यातल्या माणसांना फोन करून परत पाठवलं, त्यांची बोलणी खाल्ली आणि गुपचूप मागच्या रांगेत उभा राहिलो. हवालदार तर पुढच्या रांगेत होता. नंतर ठाण्यात गृहस्थांचा जबाब चार पानांचा झाला. त्यातली तीन पानं कोरीवकामावर होती; ती मला काढून टाकावी लागली. जाताना गृहस्थांनी सगळ्यांची माफी मागितली, अगदी मनापासून.

हरवलेल्या माणसाची तक्रार आली की आम्ही विचारतो, उंची किती, रंग कसा, अंगावर काय होतं. त्या रविवारनंतर निवृत्त होईपर्यंत मी आणखी एक प्रश्न विचारत आलो : त्यांना कशाबद्दल बोलायला आवडतं? तक्रारीच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता, मी समासात लिहायचो. बहुतेक घरांत हा प्रश्न विचारला की सगळे आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.