फोटोसाठी काढलेलं पान

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

बारावीच्या मुलांसाठी कॉलेज प्रवेशाची पुस्तिका मी लिहून दिली होती. आज ती आमच्या शाळेत वाटली. उघडली, तर पहिल्याच पानावर छपाईचा खर्च देणाऱ्या पुढाऱ्यांचा फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझं एक पान गायब. वडील नसलेल्या मुलांनी कोणते दाखले जोडायचे, ते पान.

छपाई बघणाऱ्या आप्पांना विचारलं.

"वैनी, जागा पुरंना. फोटो तर टाकावाच लागतो. आन् बाप नसलेली पोरं हायेत तरी किती?"

शेजारी बारावीतली स्नेहल उभी होती. तिचे वडील गेल्या वर्षी वारले. ती मान खाली घालून पुस्तिका चाळत राहिली.

मी म्हटलं, "एक तर इथंच उभी हाय, आप्पा."

माझे मिस्टर गेले त्या वर्षी एका दाखल्यासाठी शिरूरच्या तहसील कचेरीत खेपा घालता घालता माझ्या मुलीचा प्रवेश हुकला. ते पान मी त्यातून लिहिलं होतं.

शाळेतून तशीच झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्या पानाच्या प्रतींचा गठ्ठा घरी आणलाय. उद्या शाळेत प्रत्येक पुस्तिकेत ते पान त्या फोटोवरच चिकटवणार आहे.

डिंक माझा. कोण कोण येतंय?