मोनिकाकाकींचा पहिला नवरा

घरी नवखा पाहुणा आला की कैतानकाका त्याला भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोपाशी नेत. फोटोतल्या नवरदेवाचं तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या चिरा. "हा आमच्या मोनिकाचा पयला नवरा," काका गंभीरपणे सांगत. "मी नंतरचा." पाहुणा गोंधळे, आणि काकी आत चुलीपाशी हसू दाबत.

पाचूबंदरात काका आमचे शेजारी. होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावणं हा त्यांचा धंदा. त्या तेलाने लाकूड टिकतं, पण माणसाच्या कातडीवर ते बिब्ब्यासारखं उततं. काका कोपरापर्यंत खोबरेल चोळूनच कामाला लागत आणि आम्ही मुलं जवळ गेलो की म्हणत, "लांबून बोला. माझ्या हातांशी दोस्ती नको."

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. काकांचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आमच्या आळीतल्या एका विधवेची नवी होडी तयार झाली, तेल तेवढं लावायचं राहिलं. अमावास्येच्या उधाणात ती पाण्यात गेली नाही, तर पुढच्या उधाणापर्यंत त्या बाईच्या पोरांनी खायचं काय? काकांच्या आईने, लग्न होईपर्यंत तेलाला शिवू नको, म्हणून किती विनवलं. काका गेलेच. तेल कढत असताना वारा फिरला आणि सगळी वाफ तोंडावर आली. होडी मात्र वेळेवर पाण्यात गेली.

लग्नाच्या दिवशी राजोडीची, नवरीकडची माणसं चर्चच्या दारातच थबकली. मुलीचे मामा म्हणाले, हा कसला तरी रोग आहे, लग्न थांबवा. आमच्या माणसांनी तेलाचं सांगून पाहिलं, त्यांना पटेना. फादरही घुटमळले. काका मान खाली घालून उभे. तेव्हा नवरीच पुढे झाली. मी आईचा हात धरून जवळच उभी होते.

"काय झालं ते तुम्ही सांगा," मोनिकाकाकी म्हणाल्या.

"तेल उतलंय. एका बाईची होडी अडली होती."

"कधी उतरंल?"

"हप्त्यात."

काकी मामांकडे वळल्या. "हप्ताभर मी हेच तोंड बघीन. चला आत."

सूज उतरली त्या सकाळी काका आंघोळ करून चुलीपाशी येऊन उभे राहिले. काकी भाकरी भाजत होत्या. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरे दिसता की."

माझ्या तोंडाला बरं म्हणणारी जगात ती एकटीच, असं काका म्हातारपणीही सांगत. त्या पाहण्यात तव्यावरची भाकरी करपली, असंही सांगत. काकींनी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.