मागून आणलेले फोटो

फोटो काढताना मामांनी कधी कुणाला ‘हसा’ म्हटलं नाही. “हसा म्हणलं की माणूस नुसते दात दावतो,” असं त्यांचं म्हणणं. समोरच्याला ते श्वास सोडायला सांगत आणि श्वास सुटता सुटता बटण दाबत. केडगाव स्टेशनाजवळ त्यांचा स्टुडिओ होता. आडनाव मुलाणी, पण आसपासच्या गावांत सगळे त्यांना स्टुडिओवाले मामाच म्हणत. लग्नाचे अल्बम जुळवायला मी त्यांच्याकडे कामाला होते. वयानं मी त्यांच्या लेकीएवढी, तरी मला ते कायम ‘ताई’ आणि ‘तुम्ही’च म्हणत.

मामांना नव्या यंत्रांची भारी हौस. कॉम्प्युटरमधली जुनी हार्डडिस्क काढून त्यांनी स्वतःच्या हातानं एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, बसवली, तेव्हा स्टुडिओत जत्राच भरली. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसालाही ते कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करून दाखवायचे. “बघा, डोळा लवायच्या आत!” वरवंडच्या फोटोग्राफरांनाही त्यांनी आग्रह करकरून तीच बसवायला लावली.

काही लग्नसराया बऱ्या गेल्या. मग कॉम्प्युटर अडखळायला लागला. फोल्डर उघडायला सांगितलं की पडद्यावरची चकती नुसती गरगरत राहायची. मामांनी आधी गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हना दोष दिला आणि अँटिव्हायरस टाकला. मग रॅम वाढवली. मग डबा उघडून ब्लोअरनं धूळ उडवली. शेवटी विंडोज नव्यानं टाकली. प्रत्येक वेळी “आता बघा कसा पळतो!” म्हणायचे. तो थोडे दिवस पळायचाही, मग पुन्हा तेच.

एसएसडीचा संशय त्यांना आला नसेल असं मला वाटत नाही. पण जिचे गोडवे गावभर गायले तिचं नाव कसं घ्यायचं? गिऱ्हाईक समोर बसलं की मामा मॉनिटर हळूच स्वतःकडे वळवून घेत आणि “चहा सांगतो, बसा,” म्हणून वेळ काढत. दौंडच्या रिपेअरवाल्याला बोलावू या, असं मी एकदा म्हटलं.

“आन् त्याला काय सांगू?” मामा म्हणाले. “मीच बसवली म्हणून सांगू?” त्यांचे कान लाल झाले होते. मी पुन्हा विषय काढला नाही.

त्याच सुमाराला खुटबावच्या सारिकाचं लग्न झालं. तिच्या वडलांना, तात्यांना, आधी दोन मुलगे. मेंढरं सोडून शेतीत स्थिरावलेल्या त्या घरातली ही एकुलती एक लेक. मामांनी तिच्या लग्नाचं सगळं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कॅमेऱ्याची कार्डं मोकळी करून घेतली. मग मी सारिकाचा अल्बम करायला बसले, तर एकेक फोटो उघडायला इतका वेळ लागे की मी उठून झाडलोट करून येई. एके दुपारी फोटो उघडेचनात. तेव्हा मात्र मामांनी स्वतःच दौंडला फोन लावला.

रिपेअरवाल्यानं काही आकडे पाहिले आणि मान हलवली. “मामा, बाकी सगळं ठीक हाय. एसएसडी मरायला टेकलीय. एकच फोटो वाचायला तिला पुन्हा पुन्हा झटावं लागतंय, म्हणून सगळं थांबतंय. आता कायबी करू नका, पहिलं सामान बाहेर काढू. काय आधी काढू?”

“खुटबावचं,” मामा म्हणाले.

आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो. कॉपीची हिरवी पट्टी जरा सरकली आणि थांबली. पडदा गोठला. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर त्यात एसएसडी आहे हेच त्याला दिसेना. पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवली. तिथूनही ती रिकामीच परत आली. जुने अल्बम ज्याचे त्याला पोचले होते, दुसऱ्या लग्नाची कार्डं अजून भरलेली होती. सारिकाचं लग्न तेवढं कुठंच नव्हतं.

“कार्ड खराब निघालं म्हणा,” मी सुचवलं.

“कार्डानं काय केलंय? मशीन कवाधरनं सांगत हुतं, ताई. मीच लोकांपासनं लपवत बसलो.”

खुटबावला मीही गेले. तात्यांनी खुर्ची पुढे केली, मामा बसले नाहीत. “तात्या, लग्नाचे फोटो गेले. व्हिडिओबी गेला. मशीन बिघडल्यालं मला दिसत हुतं. म्या वेळेवर दुरुस्त केलं न्हाई.”

“म्हंजी? एकबी न्हाई?”

“एकबी न्हाई.”

आतून सारिकाच्या आईचं रडणं ऐकू आलं. तात्यांनी पुढे केलेली खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग म्हणाले, “मामा, तुम्ही जावा आता.” शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर मामांनी पिशवीत नवी हार्डडिस्क आणि केबल टाकली. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये लग्नाचे जे काही फोटो असतील ते गोळा करायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. सवड मिळेल तशी मी सोबत जाई. प्रत्येक दारात मामा झालेली गोष्ट पहिल्यापासून सांगत. वरवंडला एक तरुण मित्रांना हाका मारायला लागला, “अरं, इकडं या! फोटोग्राफर आपल्याकडं फोटो मागतोय!” सगळे हसले. मला मान वर करवेना. मामा म्हणाले, “व्हय, मागतोय. हायत का?” हसणं हळूहळू विरलं आणि त्यानं मुकाट्यानं खिशातून फोन काढला.

नवऱ्याकडची माणसं शिरूरची. नवऱ्याच्या चुलत्यानं मामांना उन्हात अंगणातच उभं ठेवलं आणि चार माणसं जमल्यावर म्हणाला, “आता परत सांगा, ह्यांनाबी कळू द्या.” मामांनी परत सांगितलं, एक शब्द कमी न करता. येताना चौफुल्याला आम्ही पाणी प्यायला थांबलो. सांगून टाकलं की मन हलकं होतं, असं काहीतरी मी बोलले. “न्हाई होत, ताई,” मामा म्हणाले.

गोळा झालेले फोटो वाकडेतिकडे होते. कुठं कुणाचं बोट मध्ये आलेलं, कुठं मुंडकी कापलेली. पण एका फोटोत सारिकाची आई स्टेजमागं लेकीच्या पायातला काटा काढत होती. दुसऱ्यात तात्या टेम्पोच्या आडोशाला उपरण्यानं डोळे पुसत होते. आम्ही त्या फोटोंचाच अल्बम केला.

तात्यांनी तो खुटबावला सगळ्यांसमोर उघडला. टेम्पोच्या फोटोवर त्यांचा हात थांबला. “ह्यो कुणी काढला?”

“तुमच्या पुतण्यानं.”

तात्यांनी आत चहा सांगितला. त्या दिवशी मामा खुर्चीवर बसले. सारिका पानं उलटत होती. “मामा, मंगलाष्टकांचा एकबी न्हाई?”

“न्हाई, पोरी. लई शोधला. तवा समद्यांच्या हातात अक्षदा हुत्या.”

त्यानंतर मामांनी लग्नं घेणं बंद केलं. लोक आग्रह करायचे, मामा नुसती मान हलवायचे. पुढं स्टुडिओ माझ्या हाती सोपवून ते मुलाकडे शिरूरला राहायला गेले. जाण्याआधी वरवंडला जाऊन, एसएसडीचा आपला आग्रह चुकला असं ते तिथल्या फोटोग्राफरांना सांगून आले, हे मला त्या फोटोग्राफरांकडूनच कळलं.

सारिकाच्या मुलाचं बारसं खुटबावला झालं. तिनं हट्टानं मामांना बोलावलं. मामा कॅमेरा न घेता आले आणि मागच्या रांगेत बसले. सारिकानं बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाली, “ताई, आमच्या मामांचा काढा.” मामांनी पटकन बाळाची टोपी सारखी केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी थोडी थांबले, मग बटण दाबलं.

मामा आता नाहीत. तो फोटो सारिकानं शिरूरला सासरच्या घरी दर्शनी भिंतीवर लावलाय. बाळ टक लावून समोर बघतंय. मामांची मान खाली आहे.